सर्वश्रेष्ठ अष्टपैलू निश्चिती समिती, मूर्तिजापूर

अकोल्याच्या जठारपेठेतल्या खुशालराव गावंडे यांची मुलगी प्राजक्ता आणि अमरावतीच्या केशवराव बोंडे यांचा मुलगा श्रेयस यांचं साक्षगंध झालं, आणि लग्नाची तिथी काढायला दोन्ही वडील समोरासमोर बसले. पंचांग उघडलेलं होतं. गुरुजी चष्मा पुसत होते. तेवढ्या रिकाम्या वेळात केशवराव सहज म्हणाले, की आशियात कपिलदेवसारखा अष्टपैलू झाला नाही. खुशालराव तितक्याच सहज म्हणाले, की निव्वळ खेळाचं बोलायचं तर इम्रान खान थोडा वर.

गुरुजींनी चष्मा लावला तेव्हा पंचांग मिटलेलं होतं.

खुशालराव सरकारी कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. वादग्रस्त मुद्दा निकाली निघाल्याशिवाय पुढची कार्यवाही करायची नाही, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. केशवराव माजी मुख्याध्यापक. ज्या घरात कपिलची कदर नाही, तिथे सोयरीक करण्याआधी विचार व्हावा, असं त्यांचं मत पडलं. एका गोष्टीवर मात्र दोघांचं जमलं: समिती नेमावी, तिने आशियातल्या अष्टपैलूंची क्रमवार यादी करावी, आणि मगच तिथी काढावी.

समितीत अकोल्याचे दोघे, म्हणजे खुशालराव आणि त्यांचे मेहुणे. अमरावतीचे दोघे, म्हणजे केशवराव आणि त्यांचे साडू. बैठकीची जागा दोन्ही शहरांच्या मधली, मूर्तिजापूर. अध्यक्ष तिथलेच निवृत्त तलाठी रामराव. त्यांनी आयुष्यात एकही सामना पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणावर शंका घ्यायला जागाच नव्हती.

पहिल्या बैठकीत व्याख्या निघाली. अष्टपैलू म्हणजे पैलू आठ हवेत, असं रामरावांनी शब्दाकडे बघून सुचवलं. फलंदाजी, गोलंदाजी, क्षेत्ररक्षण आणि नेतृत्व असे चार सापडले. उरलेले शोधायला उपसमिती नेमली. तिने तीन महिन्यांनी स्वभाव, राहणीमान, निवृत्तीनंतरची वागणूक आणि ‘इतर’ असे चार पैलू सादर केले. सर्वांत जास्त गुण ‘इतर’ला ठेवले, कारण त्यावर कुणालाच हरकत घेता येईना. मग कुणीतरी जयसूर्याचं नाव काढलं. श्रीलंका चारी बाजूंनी पाण्यात असल्याने ती आशियात धरावी का, यावर भूगोलाच्या शिक्षकाचा लेखी अभिप्राय मागवण्यात आला.

दिवाळीनंतरचे मुहूर्त गेले. उन्हाळ्यातलेही गेले. श्रेयसने विचारलं, तर प्रकरण विचाराधीन असल्याचं वडिलांनी त्याला कळवलं.

शेवटी प्राजक्ता स्वतः मूर्तिजापूरला गेली. विद्यापीठाच्या संघात ती चार वर्षं मधल्या फळीत खेळायची आणि ऑफस्पिन टाकायची.

“बाबा, मी दोन्ही कामं केली आहेत,” ती म्हणाली. “उन्हात दहा षटकं टाकून आल्यावर पॅड बांधणं काय असते, ते मले माहीत आहे. मले विचारा, दहा मिनिटांत सांगते. पण आमचं लग्न काहून टांगून ठेवून राहिले?”

रामरावांनी विचारलं, की आपण कोणत्या नात्याने बोलता? नवरी म्हणून, असं तिने सांगितलं. इतिवृत्तात नोंद झाली: ‘उपस्थित महिलेने चहाच्या वेळी विचार मांडले.’

खुशालरावांनी मान खाली घातली. त्यांनी मुलीचा एकही सामना पाहिला नव्हता. त्या वर्षांत टीव्हीवर नेहमीच काही ना काही चालू असायचं.

दुसऱ्या दिवशी प्राजक्ता आणि श्रेयसने विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस दिली. महिना उलटल्यावर एका बुधवारी अकोल्यात सह्या झाल्या. साक्षीदार तीन: तिची आई आशाबाई, त्याची आई शैलाबाई आणि खुद्द रामराव. प्राजक्ताने त्यांना फोन करून बोलावलं होतं आणि ते निमूट आले होते. स्टेशनवरून ऑटोत बसल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “बाई, ऑलराउंडर म्हणजे नेमकं काय असते?”

तिने रस्ताभर समजावून सांगितलं.

“हे एवढंच होय?” रामराव म्हणाले.

त्याच वेळी मूर्तिजापुरात समिती अध्यक्षांची वाट पाहत बसली होती. आशाबाईंचा फोन तिथेच आला. खुशालरावांनी डोळे पुसले आणि वधूवरांच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. केशवरावांना तो मान्य होता, फक्त ‘अष्टपैलू कन्या’ या शब्दांवर त्यांची हरकत होती, कारण व्याख्या अजून मंजूर नव्हती. मतदान झालं. दोन विरुद्ध दोन. निर्णायक मत अध्यक्षांचं, आणि अध्यक्ष गैरहजर. ठराव तहकूब झाला.

याला आता वर्ष होत आलं. समितीला मुदतवाढ मिळाली आहे. हा प्रकार मी अकोल्यात आणि अमरावतीत बऱ्याच जणांना सांगितला. सगळे पोट धरून हसले, दोन्ही म्हाताऱ्यांना त्यांनी वेड्यात काढलं. प्राजक्ता आता खेळते का, हे एकानेही विचारलं नाही. हसून झाल्यावर प्रत्येकाने खुर्ची जरा पुढे ओढली आणि तेच विचारलं, जे तुम्हीही मघापासून विचारायचं म्हणता आहात: ते सगळं ठीक, पण पहिला कोण?