ग्रेडरभाऊंची छत्री

ग्रेडरभाऊ कोणाच्याही घरी गेले की आधी टीव्हीजवळचा डबा उचलायचे. कोण आलं म्हणून घरातलं माणूस बाहेर येईपर्यंत त्यांनी तो तळहातावर ठेवून वर-खाली झुलवलेला असे, कानाशी नेऊन हलवलेला असे, वाससुद्धा घेतलेला असे. मालिकेतली सून रडता रडता नाहीशी होई, कारण मागची वायर निघालेली असे. बायका ओरडत. भाऊ शांतपणे डबा जागेवर ठेवून निकाल देत, "फेअर आहे. सुपर नाही म्हणता येत."

गच्चीवर बसते ती छत्री आणि तिच्या वायरीच्या खालच्या टोकाला टीव्हीपाशी बसतो तो डबा. एवढ्या दोन वस्तू, त्याही स्वस्तातल्या, घरात आणायच्या म्हणून आमच्या वडनेरात हा माणूस वर्षानुवर्षं नुसती निवड करत होता. भाऊ जाऊनही आता बराच काळ झाला. त्यांचा विषय निघाला की गल्ली अजून हसते. मीही हसतो. पण मला जे माहीत आहे ते गल्लीला माहीत नाही. मी ते आजवर कोणाला सांगितलं नाही.

त्यांचं नाव रामकृष्ण. सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. कापसाच्या गाडीत खांद्यापर्यंत हात घालायचे, तळातला पुंजका काढायचे, दोन अंगठ्यांमध्ये ओढून धागा पाहायचे आणि सांगायचे: सुपर, फेअर, नाही तर कवडी. कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला माल. नोकरी संपली तरी हात थांबले नाहीत. चहा, जावई, पुढारी, किराणा दुकानातला गूळ, सगळ्यांना ग्रेड मिळायची. माझ्या लग्नात मला फेअर मिळाली होती आणि माझ्या बायकोला, नलूला, सुपर. ती हे अजून विसरलेली नाही.

"एका मुठीवर ग्रेड देत नसतात, बाप्पा," ते म्हणायचे. "गाडीच्या चारी कोपऱ्यात हात घालून पाहा लागते."

भाऊंच्या पुण्याच्या मुलानं नवा टीव्ही घेतला आणि जुना वडिलांकडे पाठवून दिला, तिथून हे सुरू झालं. भाऊंची बायको, आमच्या दुर्गावहिनी, त्याच्या आधल्याच हिवाळ्यात गेल्या होत्या. केबल आमच्या गल्लीपर्यंत पोचलेली नव्हती, तेव्हा छत्री घेणं आलं. बाजारात तेव्हा दोन तऱ्हा होत्या. एका डब्याला महिन्याच्या महिन्याला पैसे भरावे लागत. दुसऱ्याला एकदा घेतला की काही नाही, पण त्यात दिसायचंही तेवढ्यास तेवढंच.

"महिन्याचा डबा म्हंजे गडी," भाऊंनी मला मलकापूरच्या बसमध्ये समजावून सांगितलं. "पगार थांबला का त्यानं काम थांबवलं. अन् फुकटचा डबा म्हंजे जावई. पगार नाही मांगत, पण रुसला का मनवता मनवता जीव जाते."

"मंग घेता कोणता?"

"पाहून राह्यलो ना बे. घाई काऊन करतं?"

मी मलकापूरला एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर होतो. भाऊ पुष्कळदा माझ्याच बसनं यायचे आणि दिवसभर रफिकभाईंच्या टीव्हीच्या दुकानात बसायचे. एकदा त्यांनी एक स्वस्त डबा हातात तोलला आणि रफिकभाईंना विचारलं, "हा एवढा जड काऊन आहे?"

"मजबूत है, ग्रेडरसाब."

"मजबूत नाही. पाणी मारलं आहे याले." वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारतात, तसं. रफिकभाईंनी चिडून डबा उघडला. आत एक लोखंडाची पट्टी नुसती चिकटवून ठेवलेली होती, तिचा कशाशी काही संबंध नव्हता. रफिकभाईंनी त्या दिवशी स्वतःच्या पैशानं चहा पाजला, आणि पुढे नवा माल आला की ते तो आधी भाऊंच्या हातात देऊ लागले. भाऊ प्रत्येकात काही ना काही काढत. छत्रीचा पत्रा पातळ. स्क्रू नरम. रिमोटचं बटण "बुढ्या माणसाच्या दातासारखं" हलणारं.

दुकानात पाहून मात्र त्यांचं समाधान होत नसे. "दुकानातला डबा म्हंजे पोरगी पाह्याले गेल्यासारखं. सगळ्याच चांगल्या दिसतात. खरं काय ते नांदाले लागल्यावर समजते." म्हणून डबे जिथे नांदत होते त्या घरी ते रोज संध्याकाळी जात. आज यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे, आणि बाकी सगळे दिवस आमच्याकडे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वहिनी होत्या तोवर भाऊ कोणाच्याही घरी बसत. नवरा-बायको मिळून येत, बायका आत, माणसं ओट्यावर. वहिनी गेल्या आणि त्यांचं येणंजाणं एकदम थांबलं. आमच्या भागात एकट्या पुरुषानं सांजच्या वेळी लेकीसुनांच्या घरात नुसतं जाऊन बसणं बरं दिसत नाही. कोणी हाकलत नाही. "काऊन आले भाऊ?" एवढं विचारतात, आणि त्या प्रश्नाला उत्तर लागतं. छत्री पाह्याले आलो, हे उत्तर होतं. त्यावर कोणाची हरकत नव्हती. घ्यायची वस्तू माणूस पाहणारच.

ते खिशात भाजलेल्या शेंगा घेऊन यायचे, खुर्चीत बसायचे आणि नलूबरोबर मालिका पाहायचे.

"हे सासू कवडी आहे, बाई. सून फेअर. पण तो जेठ पाह्य. त्याले पाणी मारेल आहे."

नलू हसून हसून पोळी करपवायची. आमची पल्लवी आतल्या खोलीत दहावीचा अभ्यास करायची, म्हणजे पुस्तक उघडं ठेवून भाऊंचं बोलणं ऐकायची.

मी सहाच्या बसनं घरी यायचो, डोक्यात कापसाची धूळ घेऊन. माझ्या खुर्चीत भाऊ असायचे. मी पाटावर बसायचो. त्यांना काही बोलायचो नाही. मी कोणालाच काही बोलत नाही, माझा तो स्वभाव आहे, आणि लोक त्याला चांगुलपणा समजतात. नलूला मी म्हणायचो की पोरीची दहावी आहे. ते खरं नव्हतं. मला माझ्या खुर्चीत दुसरा माणूस नको होता, एवढंच खरं होतं.

त्या वर्षी भाऊ बहिणीच्या नातवाच्या लग्नासाठी तिच्या गावी, धाडला, गेले. तुळशीला पाणी घालायला म्हणून किल्ली आमच्याकडे ठेवून गेले. मला वाटलं, हीच वेळ. आपणच एक छत्री आणून त्यांच्या घरावर बसवून टाकावी. भेट म्हणून. गल्लीत नाव होईल आणि संध्याकाळ मोकळी होईल.

रफिकभाईंना सांगितलं तर ते माझ्याकडे बघतच राहिले.

"ग्रेडरसाबके वास्ते? अरे, वो तो कबके ले गये. छत्री, डबा, सब."

"कधी?"

"बहुत दिन हुए. मेरेकू बोले, किसीकू बोलना मत. मेरेकू लगा, लडका आनेवाला होगा, उसकू दिखाना होगा."

"पण ते तर अजून तुमच्याकडे येऊन बसतात."

"आते ना. चाय पीते, माल देखते. मैंने कभी पूछा नहीं."

घरी येऊन मी भाऊंचं दार उघडलं. धान्याच्या कोठीमागे ती होती. एका जुन्या लुगड्यात नीट गुंडाळलेली, दोन गाठी मारलेल्या. लुगडं मी ओळखलं. वहिनी सणावाराला नेसायच्या ते, हिरवं. आत छत्री आणि डबा, खोक्याची चिकटपट्टीसुद्धा फोडलेली नव्हती.

मला तेव्हाच सगळं समजलं. हे कबूल करायला मला इतकी वर्षं लागली. गल्ली समजते की मी भोळेपणानं केलं, म्हाताऱ्याला छत्री बसवता येत नव्हती म्हणून मदत केली. तसं नाही. तिथे उभं असताना मला कळत होतं की ही छत्री ज्या दिवशी गच्चीवर चढेल, त्या दिवसापासून या माणसाला कोणाच्या घरी जायला कारण उरणार नाही. गाठी पुन्हा मारून परत यायला काही लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रीला बोलावलं.

भाऊ धाडहून आले तेव्हा गल्लीतले पाच-सात जण त्यांच्या अंगणात जमले होते. टीव्ही चालू करून ठेवला होता.

"काय भाऊ," कोणीतरी म्हणालं, "कोठीमागं दडवून ठेवली होती होय? अन् आमच्या घरचे डबे हलवत होते?"

सगळे हसले. भाऊही थोडं हसले. मग मी बोललो. एरवी न बोलणारा मी, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "आता कोणाच्या दारी जाऊन बसाची गरज नाही, भाऊ. पाय पसरून आपल्या घरी पाहा."

त्यांनी वर छत्रीकडे पाहिलं. जवळ गेले नाहीत, हात लावला नाही.

"सुपर आहे," ते म्हणाले.

लोक पांगल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "गजू, दुर्गीचं लुगडं कुठी ठेवलं?"

ते मिस्त्रीनं हात पुसायला घेतलं होतं. जिन्याखाली पडलं होतं. मी आणून दिलं. त्यावर काळे तेलाचे डाग होते. भाऊंनी त्याची घडी केली, डाग आतल्या बाजूला येतील अशी, आणि घेऊन आत गेले.

त्यानंतर त्यांचं येणं थांबलं. रस्त्यात भेटले की बोलायचे, बसमध्ये जागा धरायचे. नलूनं भाजी पाठवली की भांडं घासून परत आणायचे, पण उंबऱ्याबाहेरूनच द्यायचे. संध्याकाळी त्यांच्या घरातून टीव्हीचा आवाज यायचा. मी माझ्या खुर्चीत बसायचो.

"त्याइले काही बोलले का तुमी?" नलूनं विचारलं.

"मी काऊन बोलू?"

पल्लवीची परीक्षा झाली, उन्हाळा लागला. एका संध्याकाळी मी आमच्या गच्चीवर गेलो आणि आमची छत्री दोन्ही हातांनी धरून फिरवून टाकली. खाली टीव्ही निळा पडला. मग भाऊंच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

"भाऊ, आमची छत्री फिरली."

"मिस्त्रीले बोलाव ना."

"तो म्हणते परवा येतो."

"वाऱ्यानं फिरली?"

"हाव."

त्यांनी समोरच्या लिंबाकडे पाहिलं. पान हलत नव्हतं. त्यांनी चपला घातल्या.

आमचा जिना बाहेरून आहे. ते परभारे वर गेले, मी आत टीव्हीसमोर बसलो. छत्री फिरवायला दोन माणसं लागतात. एक वर, एक खाली ओरडायला.

"आलं का बे?"

"नाही."

"आता?"

चित्र आलं. अगदी स्वच्छ. मी म्हणालो, "नाही, भाऊ."

नलू स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिनं टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खिडकीतून तीही ओरडली, "निळंच आहे अजून, भाऊ."

वर बराच वेळ खुडबुड चालली. चित्र जायचं, यायचं, आणि आम्ही नाही म्हणत राहिलो. शेवटी जिन्यावर पावलं वाजली आणि भाऊ घरात आले. टीव्हीवर मालिका चालू होती. त्यांनी ती थोडा वेळ पाहिली.

"किती वेळचं आलं आहे?"

"मघाशीच," मी म्हणालो.

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं असतं तं तुमी जिन्यावरूनच घरी गेले असते."

नलूनं खुर्ची पुढे सरकवली. पहिल्यांदाच कोणाच्या घरी आल्यासारखे ते खुर्चीच्या कडेवर बसले, हात गुडघ्यावर ठेवून. तेवढ्यात लाइट गेली. त्या काळात भारनियमनाची वेळच ती. टीव्ही बंद, पंखा बंद. छत्रीचं काम झालेलं होतं. बसायला आता काहीच कारण नव्हतं.

भाऊ उठले नाहीत.

नलूनं कंदील लावला नाही. तिनं विचारलं, "भाऊ, वहिनीले कोणती ग्रेड दिली होती तुमी?"

"देऊ नाही देल्ली तिनं." अंधारात त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक वाटला. "लग्नात पहिल्याच दिवशी मनली, मले ग्रेड देऊ नका. मी काही विकाले नाही आली. तवापासून तिच्या हातच्या भाजीलेही नाही देल्ली. चुपचाप खाल्ली."

कोणी हसलं नाही. मला बोलायचं होतं. लुगड्याच्या गाठी सोडताना मला सगळं कळत होतं, हे सांगायचं होतं. अंधारात सांगणं सोपं होतं, त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मी "भाऊ" एवढं म्हणालो.

"काय बे?"

लाइट आली. टीव्ही आपोआप सुरू झाला, मोठ्या आवाजात साबणाची जाहिरात लागली. भाऊ उठले. पुढच्या महिन्यात ते धाडला बहिणीकडे राहायला गेले आणि तिकडचेच झाले, पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, उद्या सांगू.

"चला," चपला घालत ते म्हणाले. "आलं तुमचं."