जपान, घाना आणि बटाटेवडे

कुडपणच्या अंगणवाडीतली पोरं यंदा परदेशी गाणी म्हणणार, हे संजीवनीबाईंनी ठरवलं तेव्हा त्यांच्या मनात तीळभरही शंका नव्हती. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या अंगणवाड्यांचा बालमेळावा पोलादपुरात भरणार होता. बाकीच्या सेविका कोळीनृत्य नाहीतर शेतकरीनाच बसवणार, हे बाईंना ठाऊक होतं. आपली पोरं जपानी गायला लागली की परीक्षकांनी तोंडात बोटं घातलीच म्हणून समजा.

मोबाईलवर शोधून त्यांनी जपान, घाना आणि फिनलंडची सोपी बालगीतं निवडली. तालमीला वेगळा वेळ नव्हता, पण बाईंनी त्यावरही तोड काढली. जेवणाआधी हात धुताना जपानी गाणं. खिचडीची वाट बघत पंगतीत बसलं की टाळ्यांच्या ठेक्यावर घानाचं. आणि जेवून चटईवर आडवं झालं की फिनलंडची अंगाई. महिन्याभरात पोरांना तिन्ही गाणी अशी पाठ झाली, की मदतनीस विठाबाईही खिचडी ढवळताना जपानी गुणगुणू लागल्या.

मेळाव्याच्या सकाळी भिकाजीच्या जीपमधून सगळे घाट उतरले. सभागृहात बिरवाडीच्या किरणताईंनी आपल्या पोरांना भाज्यांचे पोशाख घालून आणलं होतं. बाईंनी त्या वांग्या-भोपळ्यांकडे कनवाळूपणे पाहिलं आणि माईक हातात घेतला.

जपानी गाणं खणखणीत सुरू झालं. दुसऱ्याच ओळीला दीपेशने बाह्या वर सारल्या आणि गात गात तो मंचाच्या पायऱ्या उतरला. त्याच्यामागे रांगेने सगळी पोरं. रांग थेट पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या जारपाशी गेली, आणि सगळ्यांनी चोळून चोळून हात धुतले. बाई डगमगल्या नाहीत. हे कृतियुक्त गीत आहे, असं त्यांनी माईकवरून सांगून टाकलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

ओल्या हातांनी पोरं मंचावर परतली, ओळीने मांडी घालून बसली आणि घानाचं गाणं झोकात म्हणून मोकळी झाली. पण उठायचं कोणी नाव घेईना. बाईंनी खुणावलं, डोळे वटारले. पोरांनी गाणं पुन्हा म्हटलं. मग तिसऱ्यांदा, जरा चढ्या आवाजात. शेवटी बाई वाकून सेजलच्या कानाशी लागल्या.

“उठा की गं आता.”

“बाय, खिचडी नाय वाढली,” सेजल म्हणाली. माईक बाईंच्या हातात तसाच चालू होता.

सभागृह खदखदून हसलं. चौथ्यांदा गाणं सुरू झाल्यावर विठाबाईंना राहवेना. त्यांनी पाहुण्यांसाठी आणलेल्या बटाटेवड्यांचं ताट उचललं आणि मंचावर पंगत वाढली. पर्यवेक्षिका माधुरी मॅडम काही बोलणार होत्या, पण तोवर निम्मे वडे संपले होते.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण बाईंनी तीन देश जाहीर केले होते, आणि कबूल केलेला देश गाळणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. त्यांनी अंगाईचा सूर धरला. पहिल्या कडव्याला पोरं आडवी झाली. दुसऱ्याला आवाज पातळ होत गेला. तिसरं कडवं बाई एकट्याच गात होत्या. मागे भाज्या खोळंबल्या होत्या, म्हणून भिकाजीने दोन्ही खांद्यांवर एकेक पोर टाकून मंच मोकळा केला. त्यात पहिल्या रांगेतले एक परीक्षकही घोरत होते, त्यांना मात्र कोणी उचललं नाही.

पहिला नंबर भाज्यांना गेला. परतताना घाटभर पोरं जीपमध्ये एकमेकांवर रेलून गाढ झोपली होती. एवढी मेहनत घेऊन आपलं हसं झालं, हे बाईंना काही केल्या गिळवत नव्हतं.

सोमवारी दुपारी फोन वाजला. पलीकडे किरणताई होत्या, आणि मागे पोरांचा नुसता कल्ला.

“ताई, तुमची ती शेवटची अंगाई पाठवता का? आमची भाजी दुपारची झोपतच नाही हो.”

त्यांच्यानंतर आणखी दोघींचे फोन आले. मग माधुरी मॅडमचा आला. त्यांचा नातू म्हणे रात्री बारापर्यंत जागा असतो.

संजीवनीबाईंनी पदर सारखा केला. आवाजाला पूर्वीची धार आली.

“देते ना मॅडम. पण तिन्ही घ्यावी लागतील. सुटं गाणं मिळणार नाही. आणि वडे तुमचे तुम्ही बघा.”