सोपाननानांचं वाकड्याचं चिन्ह

सोपाननानांना कुठलीही बातमी सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "डावीकडं कोन, उजवीकडं कोन?"

"नाना, रामदासचं आणि त्याच्या व्याह्याचं जुंपलंय."

"जुंपू दे. पन डावीकडं कोन?"

डावीकडं म्हणजे ज्यानं सुरुवात केली तो, उजवीकडं म्हणजे ज्याच्यावर केली तो. राजुरीच्या एका लग्नात मागच्या रांगेत बसून ते कोणाला तरी हेच विचारत होते, तर भटजींना वाटलं आपल्यालाच विचारतायत. बिचाऱ्यांनी नवरानवरीच्या जागा दोनदा बदलल्या.

नानांचा दोष नाही. पुण्यात एका कंपनीत सगळा जन्म डेटाबेस सांभाळण्यात गेला. निवृत्त होऊन खोडदशेजारी आमच्या गावी आले आणि पाणी संस्थेच्या ऑफिसात बिनपगारी येऊन बसायला लागले. मी वैशाली, त्या संस्थेची क्लार्क. आधी मला हे लोढणंच वाटलं होतं. मला टेबलावर पेन आडवं पडलेलं खपत नाही आणि हे भेळेच्या कागदावर चिन्हं काढत बसायचे.

आमच्याकडे पाणी पाळीनं मिळतं. ज्याची पाळी संपली त्यानं वाल फिरवायचा लोखंडी पाना पुढच्याच्या हातात द्यायचा. बांधावर ठेवून निघून जायचं नाही, ही जुनी रीत. आता पाना हातात द्यायचा म्हणजे समोरासमोर यावं लागतं, आणि पाळीला पाळी लागून दोन वैरी आले की त्याच पान्यानं डोकं फुटतं. फुटलीयत राव, मी स्वतः हळद दाबलीय.

नाना म्हणाले, "यादी कॉम्प्युटर लावंल. त्याला फकस्त कोनाचं कोनाशी वाकडं हे कळाया पायजे."

आणि त्यांनी चिन्ह बनवलं. बेरजेचं, बरोबरचं अशी चिन्हं कॉम्प्युटरला येतातच, पण आपलं स्वतःचं चिन्हही त्याला शिकवता येतं, हे मला तेव्हा कळलं. डाव्या बाजूला एक नाव, उजव्या बाजूला एक नाव, मधे चिन्ह, आणि उत्तर हो किंवा नाही. वाकड्याचं चिन्ह होतं ><. नाना म्हणाले, "दोन बैल टकरीला उभं हायेत बग." ज्याची पाळी आधी तो डावीकडं, ज्यानं पाना घ्यायचा तो उजवीकडं. उत्तर हो आलं की ती जोडी त्या क्रमानं यादीत शेजारी लागायची नाही. कोणाचं कोणाशी वाकडं, त्याची एकेक ओळ नानांनी आत भरून ठेवली.

मग काय, नानांना चिन्हांचा नादच लागला. कोणाचा बांध कोणाला लागून, त्याला चिन्ह. कोण कोणाचं ऐकतं, त्यालाही चिन्ह. "हे उलटं चालत न्हाई बरं का वैशाली. सरपंच आईचं ऐकतो. आई सरपंचाचं ऐकती का? न्हाई." पण काही चिन्हं बाजू बदलल्या तरी तेच उत्तर देतात. माझा बांध तुला लागून, तर तुझा मला लागूनच. त्याला नाना कम्युटेटर म्हणायचे, आणि हा शब्द उच्चारताना मुलाचं बारसं असल्यासारखा चेहरा करायचे.

एकदा त्यांना 'कायमचं तुटलं' यासाठी चिन्ह हवं होतं. त्यांनी दोन आडव्या रेघा टाकून पाहिल्या. कॉम्प्युटर काही घेईना. दोन रेघा दिसल्या की तो पुढचं वाचतच नाही, ती त्याची जुनी खोड. मला वाटलं नाना चिडतील. तर म्हणाले, "बरं झालं. कायमचं तुटल्याला चिन्ह नसलेलंच बरं."

नानांचं स्वतःचं एक तुटलेलं होतं, हे गावाला ठाऊक होतं. थोरले भाऊ किसनदादा. नानांच्या मुलीच्या साखरपुड्यात टॉवेल-टोपीचा मान पहिला दादांचा. गडबडीत नानांनी दुसऱ्याच पाहुण्याचं नाव पुकारलं. दादा ताटावरून उठले ते उठलेच. नाना माफी मागायला गेले तर दार लावून घेतलं. तेव्हापासून एका बांधाचे शेजारी, पण शब्द नाही. नाना खोडदच्या त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांकडे बोट करून म्हणायचे, "एवढाली धूडं समदी एका दिशेला तोंड करून उभी ऱ्हात्यात. आन आमी दोन भाऊ."

तरीही प्रत्येक यादीत नानांच्या मागोमाग किसनदादांचीच पाळी लागायची. नाना थर्मास आणि दोन कप घेऊन वालवर जाऊन बसायचे. दादा गडी पाठवायचे. गडी पाना घेऊन जायचा आणि नाना दोन्ही कप स्वतःच पिऊन यायचे. मी हसायचे हो याला. आता माझीच लाज वाटते.

मागच्या हिवाळ्यात नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले आणि यादी काढायचं काम माझ्याकडे आलं. मी आपली शहाणी, सगळं तपासायला बसले. दादा डावीकडं, नाना उजवीकडं, तर उत्तर हो. नाना डावीकडं, दादा उजवीकडं, तर उत्तर नाही. म्हटलं, हे काय? वाकडं कधी एकतर्फी असतं का? म्हातारा चुकला. मी दोन्ही बाजूंनी बघायची अट घातली, चिन्हाला कम्युटेटर लावला आणि नवी यादी फळ्यावर डकवली. नानांच्या आणि दादांच्या मधे रामदास आला. किती नीट दिसत होती यादी!

नाना काळा चष्मा लावून आले, फळ्यावरच्या यादीवरून बोट फिरवत गेले आणि तसेच घरी परतले. मला वाटलं, डोळ्याला त्रास होत असेल.

ती पाळी झाली आणि आठवड्याच्या आत किसनदादा गेले. हार्ट अटॅक.

दशक्रियेला नदीवर रामदास नानांच्या शेजारी बसला होता, मी मागंच उभी होते. म्हणाला, "नाना, त्या पाळीला दादा सोता आला व्हता वालवर. हातात शहाळं. म्हनला, सोपान कुटंय? मी म्हनलं, यादी बदलली. मग उगाच उभा ऱ्हायला, पाना घेतला, आन शहाळं मलाच दिलं. म्हनला, पी."

"प्यालास का?" नानांनी विचारलं.

"प्यालो की."

आजारी माणसाला शहाळं घेऊन भावाच्या घरी जायला दादांना मान आडवा येत होता. वालवर यायला पाळीचं निमित्त होतं. तेवढीच एक वाट होती, आणि ती मी बुजवली.

दुसऱ्या दिवशी नाना ऑफिसात आले. मी रडत सगळं सांगितलं. म्हणाले, "तुजा नियम बरोबर व्हता, पोरी. वाकडं दोन्हीकडनं असतं. पन माजं त्याच्याशी कायबी नव्हतं गं. मंग मी कसं लिवू?"

मी म्हटलं, "नाना, होतं तसं करून ठेवते."

"ऱ्हाऊ दे. ती एक ओळ काढ. दादाचं माज्याशी वाकडं, ती."

"आता कशाला नाना?"

"खोटी हाय म्हनून. पाना न्यायला गडी व्हता की. दादा कशाला आला आसंल?"

मी ओळ काढली. एक ओळ डिलीट झाली, असं कॉम्प्युटरनं सांगितलं.

"आता इचार. डावीकडं दादा, उजवीकडं मी."

उत्तर आलं, नाही.

"आता उलटं."

नाही.

नानांनी चष्मा काढून डोळे पुसले. ऑपरेशनच्या डोळ्याला हात लावू नका म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं.

"झालं कम्युटेटर," ते म्हणाले. मग थर्मास उघडून त्यांनी दोन कप भरले आणि दुसरा माझ्यापुढं सरकवला. मी तो पूर्ण प्यायले.