बारा वेलींचं संशोधन

शेळगावच्या दादासोंनी संशोधन केंद्राच्या राजेश्वरी मॅडमना छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "पानी न्हाय म्हनलं म्हंजी न्हाय. माझ्या बागंत माझ्याबिगर पान हालत न्हाय." मॅडमना असाच माणूस हवा होता. उन्हाळे दरसाल जास्त तापत चाललेले. वाइनची द्राक्षं कोणत्या खुंटावर, म्हणजे कलमाच्या कोणत्या मुळावर, कमी पाण्यात तगतील, हे त्यांना शोधायचं होतं. नव्या खुंटावरच्या बारा वेलींची ओळ ठरली आणि उन्हाळाभर तिचं ठिबक बंद.

इतर गावांतल्या अशाच ओळी मे महिन्यात वाळून काटक्या झाल्या. दादासोंची मात्र हिरवीगार! मातीत पुरलेलं यंत्र ओल दाखवायला लागलं, तेव्हा मॅडमनी विचारलं. दादासोंनी कुलदैवताची शपथ घेतली. मग यंत्रच दुरुस्तीला गेलं. दुसऱ्या वर्षी नवं आलं, तेही ओलच दाखवू लागलं. दादासोंनी त्यालाही खोटं पाडलं. तिसऱ्या वर्षी बारामतीच्या मेळाव्यात त्यांना शाल मिळाली. त्या भरात त्यांनी जुनी बाग उपटून एकरभर तोच खुंट लावला, वर्षभर जोपासला आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याचं पाणी खुशाल उसाकडं वळवलं.

मे सरायच्या आत एकराचं सरपण झालं.

मॅडम आल्या. खुंट तोच, माती तीच, मग ती बारा वेलींची ओळ हिरवी कशी राहिली, हे त्यांना कळेना. पाण्याचा तांब्या घेऊन आलेल्या द्वारकाबाई नवऱ्याकडं बघत म्हणाल्या, "एवढ्या एकराला मी कुठवर पुरनार? बारा हुत्या तवर तुमी दुपारचं झोपलं की घागर घागर घालत हुते. तहानेली झाडं बघवत न्हाईत."

दादासोंचा चेहरा उतरला. "मला का न्हाय सांगितलं?"

"तुमाला ठावं हाय आसंच वाटलं. उगं का शपथा घेत हुता?"

 चार उन्हाळ्यांच्या नोंदींची वही उघडून मॅडमनी द्वारकाबाईंना विचारलं, रोज किती घागरी? द्वारकाबाईंनी मोजल्या नव्हत्या. मॅडमनी वही मिटली.

तेवढ्यात कऱ्हाटीहून मेव्हण्याचा फोन आला. दादासोंच्या शब्दावर त्यानंही दोन एकर तोच खुंट लावलेला. पानं गळायला लागलीत, काय करू, असं तो विचारत होता.

दादासोंनी मुकाट्यानं फोन बायकोच्या हातात दिला.