रश्मीच्या पोटातला अकाउंटंट

मँचेस्टरच्या ट्राममध्ये एखादी बाई स्वतःच्या पोटाला मोठमोठ्याने अकाउंटिंग शिकवताना तुम्ही पाहिली असेल, तर ती आमची शेजारीण रश्मी. "बाळा, डेप्रिसिएशन म्हणजे काय? वस्तू जुनी झाली की तिची किंमत उतरते. तुझ्या बाबांच्या गाडीसारखी." मग पान उलटायचं, पोटावर एक हलकी थाप मारायची आणि पुढचा धडा. एकदा समोर बसलेल्या गोऱ्या आजींनी कौतुकाने विचारलं, ही कुठली भाषा? रश्मी म्हणाली, "अकाउंटन्सी."

सासूबाईंनी नागपूरहून गर्भसंस्काराच्या सीडीज पाठवल्या होत्या. त्या तशाच पडून. "वेळ कुठे आहे बाप्पा? अभ्यासच मोठ्याने वाचते, दोन्ही कामं एकात. बाळाला श्लोक काय अन् कॉस्टिंग काय, सारखंच कळते."

मी रश्मीवर जळते, हे आधीच सांगून टाकते. उगाच सभ्यपणा कशाला? दिवसा ती हॉस्पिटलच्या पगार खात्यात नोकरी करते, संध्याकाळी कॉलेजला जाते, घरी पाच वर्षांची सई आणि पोटात दुसरं. नवरा प्रशांत ब्रिस्टलला इंजिनिअर. शुक्रवारी उगवतो आणि रविवारी मावळतो. म्हणजे दोन गावांत दोन घरभाडी. आणि या सगळ्यावर बाईचं उत्तर एकच, "होऊन जाते नं!"

मी पुण्याची. नवऱ्याच्या व्हिसावर आले, एकच मुलगा, तोही आता दिवसभर शाळेत. मीही एकदा कॉलेजात नाव घातलं होतं. पहिला निबंध लिहायची वेळ आली तेव्हा माझी पाठ धरली, ती कोर्स सोडल्यावरच सुटली. गरोदरपणाचे नऊ महिने मी सोफ्यावर काढले. रश्मी दोन स्टॉपांच्या मध्ये नीटनेटकं पिशवीत ओकते, तोंड पुसते आणि राहिलेलं वाक्य पूर्ण करते. वर तिच्या चेहऱ्यावर तेज! मिडवाइफसुद्धा म्हणाली म्हणे, यू लुक अमेझिंग. मला माझ्या वेळी "भरपूर पाणी पीत जा" एवढंच म्हणाली होती.

सुपरमार्केटमध्ये संध्याकाळी एक माणूस उरलेल्या मालावर स्वस्ताईचे पिवळे स्टिकर लावत फिरतो. रश्मी ट्रॉली घेऊन त्याच्या मागोमाग. तो थांबला की ही थांबते. मी पूर्ण किमतीला घेतलेल्या स्ट्रॉबेरी ती चिल्लरीत आणते, आणि वर मलाच वाटीभर देते. त्या गोड निघतात, हे आणखी वाईट.

एकदा माझा नवरा निनाद जेवताना म्हणाला, "रश्मी कसं मॅनेज करते गं हे सगळं?" दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यातल्या भाजीत मीठच नव्हतं. आपोआप राहिलं.

पण तिची ही सगळी धडपड एका परीक्षेसाठी होती. परीक्षा जूनमध्ये, बाळ जुलैत. पास झाली तर बाळंतपणाच्या रजेआधी वरची जागा मिळणार, आणि मग प्रशांतला ब्रिस्टल सोडून इथली कमी पगाराची नोकरी धरता येणार. नापास झाली तर प्रशांत तिकडेच, आणि बाळाने शनिवार-रविवार बघूनच जन्माला यायचं.

परीक्षेच्या दिवशी सई माझ्याकडे होती. खरं सांगायचं तर पेपर जरा अवघड निघावा असं मला वाटत होतं. रश्मी नापास होऊ नये. पण घाम फुटावा.

संध्याकाळी मी पोळ्यांना तवा ठेवला आणि बेल वाजली. सईने पळत जाऊन दार उघडलं. "मंजिरीकाकू, आई आली!"

रश्मी आत आली आणि कोट न काढताच स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली.

"काय, होऊन गेलं ना?" मी विचारलं.

"नाही गं. शेवटचा प्रश्न राहिला. हात असे सुजले, पेनच धरता येईना." तिने बोटं दाखवली. अंगठी रुतली होती.

मी तव्यावर पोळी टाकली. "जेवून जा," म्हणाले.

"नको, फ्रीजमध्ये आहे आमचं." पण तिची नजर तव्यावर होती. फुगलेली पोळी मी उतरवली, तशी ती हळूच म्हणाली, "मंजिरी, एक वाढशील? ही, गरम?"

मी तूप लावून वाढली. पहिला घास घेतला आणि तिचे डोळे भरून आले. "नागपूर सोडल्यापासून तव्यावरची पोळी कुणी वाढलीच नाही मला. मीच करते अन् मीच गार खाते. सगळे विचारतात, कसं जमवून राहिली. तुला काय खावंसं वाटते, हे नाही कुणी विचारत."

शेजारी राहून मीही विचारलं नव्हतं. मी दुसरी लाटायला घेतली.

पुढे ती पास झाली, काठावर का होईना. बाळ यायच्या आधी प्रशांत मँचेस्टरला आला, आणि आता तो रोज संध्याकाळी हूवर फिरवून घर झाडतो. भिंतीपलीकडून ऐकू येतं आणि मी जळते. पण तो पुढचा भाग. त्या संध्याकाळी ती खात होती, मी वाढत होते, आणि वाढता वाढता मला पुन्हा तिचा हेवा वाटला. ती बसली होती! मलाही कुणी गरम पोळी वाढून कितीतरी वर्षं झाली होती. निनाद चहा करतो, तोही सांगितल्यावर.

हे माझ्या तोंडून निघालं की चेहऱ्यावर दिसलं, कोण जाणे. रश्मीने ताट सरकवलं, टेबलाला धरून उठली, हात धुतले आणि माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

"हो बाजूला. बस."

"अगं, पाय बघ तुझे केवढे सुजलेत!"

"बस म्हणते नं."

मी बसले. तिने पोट ओट्यापासून जपत पोळी लाटली, भाजली आणि तव्यावरून थेट माझ्या ताटात टाकली. पोळी जाड होती, कडेला थोडी कच्चीही. एरवी हे मी निनाद घरी आल्याआल्या त्याला रंगवून सांगितलं असतं. त्या दिवशी मी आणखी एक मागून घेतली.