कपाटाला पाढे विचारणाऱ्या गावडेबाई

गावडेबाईंनी आमच्या शाळेत पहिल्याच दिवशी कपाटाला पाढे विचारले. पाचवीला फळ्यावर गणित घातलं, 'सोडवा' म्हणाल्या, उजवीकडं वळल्या आणि खडूच्या कपाटाला दरडावलं, "चौथी, सातचा पाढा." कपाट गप्प. बाईंनी त्याला समज दिली आणि डावीकडच्या खिडकीला शुद्धलेखन घातलं.

मी बेळगावातल्या या सरकारी मराठी शाळेची मुख्याध्यापिका. तक्रार आली की तारीख घालून वहीत उतरवते. त्या आठवड्यात वहीचं अख्खं पान गावडेबाईंनी एकट्यांनी भरलं.

तसा त्यांचा दोष नव्हता. जांबोटीच्या पलीकडं, रानातल्या एका गावात त्यांनी बावीस वर्षं एकाच खोलीत शाळा चालवली. पहिली ते पाचवी मिळून चौदा-पंधरा पोरं आणि एकच बाई. एकेका भिंतीला एकेक इयत्ता, पहिली मधोमध बाईंच्या पायाशी. पुढं घरं बेळगावला नाहीतर गोव्याला हलली, पोरं संपली, खोलीला कुलूप लागलं. बाई 'हेच्चुवरी', म्हणजे जादा शिक्षक ठरल्या आणि आमच्याकडं आल्या.

आमच्या पाचवीत अडतीस मुलं, सगळी दहा वर्षांची. कुणालाही सोपा वाटेल असा वर्ग. बाई मात्र दाराशी घुटमळायच्या. "सगळी एकाच मापाची वो मोठ्या बाई. एक अडलं की समदी अडत्यात. विचारायचं कुणी कुणाला?"

'खालच्याला समजावून ये, मग म्हण मला आलं,' हा त्यांचा मंत्र. तिकडं चौथीचं पोर पहिलीला वाचायला शिकवायचं आणि शिकवता शिकवता स्वतःच सुधारायचं. इथं खालचं आणायचं कुठून?

एकदा फेरीवर असताना मला पाचवीत बेचाळीस डोकी दिसली. मी पुन्हा मोजली. चार पहिलीतली होती. बाईंनी मधल्या सुट्टीत चिंचेचं आमिष दाखवून आणलेली. वर्गात कधी तोंड न उघडणारा एक दांडगा पोरगा एका चिमुरडीपुढं चिंचोके मांडून वजाबाकी समजावत होता. याला वजाबाकी येत नाही, अशी नोंद माझ्याच वहीत होती. पण वेळापत्रक ते वेळापत्रक. मी पहिलीची पोरं परत पाठवली. बाई वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त त्या चौघांची नाकं पुसली आणि ती व्हरांड्यात वळेपर्यंत दारात उभ्या राहिल्या.

यंदा बदल्यांच्या कौन्सेलिंगला, म्हणजे नवी जागा निवडायला, मी त्यांच्याबरोबर गेले. बाईंचा एक कागद जागेवर नसतो, म्हणून यादी करून सगळे कागद मीच लावले होते. रांगेतल्या प्रत्येकाला डोंगरातून शहरात यायचं होतं. क्लार्कनं बाईंचा अर्ज दोनदा वाचला.

"टीचर, उलटं लिवलासा. हितनं तिकडं जायाचं हाय व्हय?"

"व्हय."

त्यानं स्क्रीन फिरवून दाखवली. बाईंच्या जुन्या गावात शाळेच्या वयाची पोरं शून्य, म्हणून जागाही शून्य. बाईंनी अर्ज परत घेतला आणि घडी घालून पिशवीत ठेवला.

बाहेर आल्यावर मी चहा सांगितला आणि मग रागावलेच. दर रविवारी पहाटेची बस धरून त्या त्याच गावाला जातात, हे मला ठाऊक होतं. शाळा बंद, पोरं नाहीत, मग तिथं जाऊन करता तरी काय, असं मी विचारलं.

बाईंनी चहा बशीत ओतला. "आमची अंजू व्हती. चौथीत असताना समद्या पहिलीला वाचाय शिकवली तिनं. तिला गावातच दिलीया. थोरला तीन वर्साचा हाय तिचा. धाकटी सा म्हयन्याची."

"बरं, मग?"

"धाकटी पहिलीत येती तवा थोरला तिसरीत असतोय. दोगांत अंतर ब्येस पडलंय." बशी ओठांपर्यंत नेऊन त्या तशाच थांबल्या. "आनि माझी नोकरी अजून सात वर्सं हाय."