सेतुरावांच्या चार इडल्या

"चार इडल्या, दहा निमिषांत. तुकडा उरला नाही पाहिजे!"

रात्रीपासून उपाशी माणसावर असे खेकसणारे सेतुराव खानावळ चालवत नव्हते. चेन्नईतल्या आमच्या मधुमेहाच्या प्रयोगशाळेत ते तपासणीला आलेल्यांना इडल्या खाऊ घालून रक्त काढायचे. घराणं तंजावरी, मराठीही तिथलीच, जुन्या वळणाची, मिनिटाला निमिष म्हणणारी. मी साताऱ्याची, त्यांनी आणलेलं रक्त तपासणारी. पहिला महिनाभर मला वाटलं, हा गृहस्थ माझी थट्टा करतोय!

माणूस जेवला की आतड्यातून जीएलपी-वन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. ते इन्सुलिनला कामाला लावतं आणि भुकेला 'पुरे' म्हणतं. पण दोनेक मिनिटांत ते निम्मं होतं. म्हणून ते टिकवायला औषध घातलेली नळी, बर्फ आणि पळापळ. सेतुराव त्या संप्रेरकाला 'पोर' म्हणत. "सरका, सरका! पोर मरत्ये!" असं ओरडत ते निघाले की आमचे संचालकसुद्धा भिंतीला चिकटायचे.

कुणी अर्धी इडली टाकली की आकडा खोटा, नळी सरळ कचऱ्यात. मी एकदा म्हटलं, "जाऊ द्या हो, अर्धीच तर आहे." चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांच्या पत्नीची, रुक्मिणीबाईंची मूत्रपिंडं साखरेनं निकामी झाली होती. डॉक्टरांनी हात टेकून घरी पाठवलं होतं. त्यांचं अन्न सुटलं होतं. एका सकाळी सेतुराव बर्फाचा डबा छातीशी धरून बसमधून आले. नळीवर लिहिलं होतं, 'चार इडल्या, पूर्ण.'

"आमच्या कुटुंबाचें रक्त. पोर फार होत असेल, म्हणून भूक मेली. तसें निघालें तर औषध आहे ना, मॅडम?"

काय सांगणार कपाळ! औषध नव्हतं, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत असणार. तरी मी तपासलं.

आकडा कमी आला. अगदी उपाशी माणसाचा. मला रडू यायला लागलं आणि रागही आला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नळ्या फेकल्या आणि स्वतः खोटं लिहिलं!

"सेतुराव, त्यांनी काहीच खाल्लं नाहीये."

ते डब्यातलं पाणी बेसिनमध्ये ओतत होते.

"ठाऊक आहे. मी पाठ फिरवली कीं एकेक घास पदराखालीं दडवत होती. मला बरें वाटावें म्हणून रिकामें ताट दाखवलें, मॅडम. हसली. मग मी काय लिहूं?"